नव्याचे नऊ दिवस आणि जुन्याचा भरवसा

जुने आणि नवे या वादात आपल्या भाषेने दोन ठसठशीत म्हणी करून ठेवल्या आहेत आणि दोन्ही एकाच बाजूस झुकलेल्या आहेत. 'जुने ते सोने' ही पहिली. 'नव्याचे नऊ दिवस' ही दुसरी. नव्याचा कैवार घेणारी तितकीच रोकठोक म्हण आम्हांस चटकन आठवत नाही. ज्या प्रकरणात सगळे साक्षीदार एकाच पक्षाचे असतात, त्या प्रकरणाची फाईल पुन्हा एकदा उघडून पाहावी, ही सवय आम्हांस लेखापरीक्षणाच्या नोकरीने लावली. नागपूर, हैदराबाद, शिलाँग असे मुक्काम करीत ती नोकरी बंगळूरला संपली आणि आम्ही मारतहळ्ळीस स्थायिक झालो. ती सवय मात्र निवृत्त झाली नाही. गेल्या पावसाळ्यात एका पुठ्ठ्याच्या खोक्याने तिला पुन्हा कामावर रुजू करून घेतले.

ते खोके आमच्या एका दिवंगत स्नेह्याचे. हे गृहस्थ भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य वेचून निवृत्त झालेले. हा सरकारी कारखाना 1954 साली बंगळूरच्या जळहळ्ळी भागात उभा राहिला. तेथे 1961 पासून, हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने, रेडिओसाठी लागणारे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. ज्या वाचकांच्या घरी एके काळी कपाटाएवढा रेडिओ होता, त्यांना तो लावल्यावर मिनिटभर चाललेली प्रतीक्षा आणि मागच्या जाळीतून दिसणारा नारिंगी उजेड आठवत असेल. तो उजेड याच काचेच्या नळ्यांचा. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ते पर्व मावळले. आज तो कारखाना इतर अनेक वस्तू करतो, पण रेडिओचे व्हॉल्व्ह करीत नाही. आमच्या स्नेह्यांनी आपल्या हौसेसाठी जमविलेले चाळीस व्हॉल्व्ह मात्र त्या खोक्यात तसेच राहिले होते. त्यांपैकी बावीस ईएल 84 जातीचे, म्हणजे ध्वनीला अखेरचे बळ देणारे. अठरा ईसीसी 83 जातीचे, म्हणजे क्षीण संकेताला पहिला हात देणारे.

वहिनींनी खोके आमच्या स्वाधीन केले तेव्हा त्यांचे म्हणणे साधे होते. "भाऊजी, मला यातलं काही कळत नाही. मुलगा म्हणतो, हल्ली याला किंमत येते. तुम्ही विकून द्या. पैसे आले तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेला होतील."

किंमत येते हे खरे होते. आमच्याच इमारतीत बेळगावकडचा एक तरुण राहतो. दिवसा तो बाह्य वर्तुळमार्गावरील एका कचेरीत संगणकाचे काम करतो आणि शनिवारी रात्री गिटार वाजवितो. त्याच्या अँप्लिफायरात ईएल 84 जातीचे चार व्हॉल्व्ह लागतात. त्याने नवे व्हॉल्व्ह घेतले होते. त्यांतला एक तिसऱ्याच आठवड्यात, भर कार्यक्रमात, लालभडक होऊन गेला आणि अर्धे गाणे मुक्याने वाजले. खोक्याची वार्ता कानी जाताच तो आमच्या दारी आला. एकेक डबी त्याने निरांजन हाती घ्यावे तशी घेतली. नव्याच्या तिप्पट किंमत द्यावयास तो तयार होता. त्यास केवळ आमच्या तोंडचा एक शब्द हवा होता. "काका, हे जुने आहेत म्हणजे भरवशाचे आहेत ना? तुम्ही सांगा, मी आत्ता पैसे देतो."

एका बाजूस वहिनींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूस ज्याला आमचे 'होय' मनापासून ऐकावयाचे आहे असा ग्राहक. 'होय' म्हणण्यात कोणाचे नुकसान दिसत नव्हते, आणि तरीही तो शब्द आमच्या घशाशी अडकला. आम्ही त्याजकडे एका आठवड्याची मुदत मागितली. तो का अडकला, याचा त्या आठवड्यात केलेला विचार वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी एक तार तापते. तारेभोवतीच्या निकेलच्या नळकांडीवर बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा पातळ लेप असतो. तापलेल्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धनभारित पत्र्याकडे धावतात. वाटेत एक तारांची जाळी असते. त्या जाळीवरील विजेच्या दाबात किंचित फरक केला की पलीकडे पोहोचणाऱ्या प्रवाहात मोठा फरक पडतो. लहान कारण, मोठा परिणाम, एवढेच या यंत्राचे रहस्य. इंग्लंडात फ्लेमिंगने 1904 साली दोन अग्रांची नळी केली आणि अमेरिकेत डी फॉरेस्टने 1906 साली तीत जाळीची भर घातली. पुढील अर्धशतक रेडिओ, टेलिफोन, रडार आणि पहिले गणकयंत्र या सर्वांचा भार याच काचेवर होता. 1947 च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू तो भार उतरला. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. क्षमतेपलीकडे ताणला असता व्हॉल्व्हचा आवाज ज्या गोलाईने फाटतो, ती गोलाई त्यांच्या कानांस हवीहवीशी वाटते.

आता हे यंत्र मरते कसे? लेप झिजतो आणि इलेक्ट्रॉन कमी पडू लागतात. तार तुटते. ती बहुधा चालू करण्याच्या क्षणी तुटते, कारण थंड तारेचा विरोध कमी असल्यामुळे पहिल्या क्षणी तीतून जादा प्रवाह जातो. आतील दोन भाग हादऱ्यांनी एकमेकांस टेकतात. किंवा काच आणि धातूच्या पिना जेथे जुळतात त्या सांध्यातून वर्षानुवर्षे हवा झिरपते. नळीच्या माथ्यावर जो चांदीसारखा डाग दिसतो तो बेरियमचा. आत उरलेला अथवा शिरलेला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. हवा आत शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा होतो. ते त्या नळीचे मृत्युपत्रच समजावे.

या माहितीच्या उजेडात जुन्याची बाजू पाहू. ती दुबळी नाही. ज्या काळात व्हॉल्व्ह हा रेडिओचा, सैन्याचा आणि तारखात्याचा प्राण होता, त्या काळात त्याच्या निर्मितीत मोठा पैसा, मोठी बुद्धी आणि कडक तपासणी गुंतलेली होती. आज सामान्य व्हॉल्व्हचे मोठे उत्पादन रशियातील सारातोव, स्लोवाकियातील चाद्का आणि चीन अशा मोजक्या ठिकाणी चालते. 2022 साली युक्रेनमधील युद्धामुळे रशियाचा पुरवठा बंद पडणार अशी वार्ता येताच जगभरच्या वादकांत घबराट झाली, यावरून हा धागा किती बारीक आहे ते ध्यानात येईल. नव्या व्हॉल्व्हवर संशय घेणारा माणस केवळ स्मरणरंजनात रमलेला असतो, असे म्हणता येणार नाही.

पण या युक्तिवादात एक साक्षीदार सदैव गैरहजर असतो. आज आपल्यापुढे येणारे जुने व्हॉल्व्ह म्हणजे जे उरले ते. जे पहिल्याच महिन्यात फुटले, जे कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने कचऱ्यात टाकले, त्यांची बाजू मांडावयास कोणी नाही. गावातला शंभरी गाठलेला म्हातारा पाहून 'पूर्वीची माणसे दीर्घायुषी' असे म्हणणारा माणूस त्याच्याबरोबर जन्मलेल्या आणि बालपणीच गेलेल्या मुलांची मोजदाद करीत नाही. तद्वतच हे आहे. जे टिकले ते आपल्यासमोर आहेत, म्हणून सगळेच टिकाऊ होते असे आपण समजतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. यंत्रांच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारे सांगतात की, एका जातीच्या पुष्कळ वस्तू घेतल्या तर आरंभीच्या तासांत त्यांतील बऱ्याच मोडतात, कारण घडणीतील दोष तेव्हाच उघडे पडतात. त्यानंतर दीर्घ शांततेचा काळ येतो आणि अखेरीस वार्धक्याची पडझड सुरू होते. या रेषेस ते न्हाणीच्या टबाची उपमा देतात: दोन्ही बाजूंस कड उंच, मध्ये सपाट तळ. आता चाळीस वर्षे डबीत बंद असलेला व्हॉल्व्ह या रेषेवर कोठे बसतो? पंचांगाने तो प्रौढ आहे, पण कामाच्या तासांनी तो अद्याप तान्हा आहे. त्याची परीक्षा झालेलीच नाही. झिरपणाऱ्या हवेने मात्र त्याला वार्धक्य दिलेले असू शकते. म्हणजे बालपणाचा धोका टळलेला नाही आणि वार्धक्याचा जोडीस आलेला आहे. ज्या वस्तूला आपण 'जुनी म्हणून पारखलेली' म्हणतो, ती पुष्कळदा केवळ जुनी असते.

नव्याच्या अपयशातही असाच एक गैरहजर साक्षीदार आहे. ईएल 84 च्या पत्र्याला 300 व्होल्टपर्यंत दाब आणि 12 वॅटपर्यंत उष्णता सोसावी, असे तिच्या जन्मदात्यांनी लिहून ठेवले. दिवाणखान्यातला रेडिओ ही मर्यादा पाळीत असे. गिटारच्या काही अँप्लिफायरांत ती सर्रास ओलांडली जाते. शिवाय ध्वनिक्षेपक त्याच पेटीत असल्यामुळे व्हॉल्व्हला तासन्‌तास धक्के बसतात. अशा जागी पाठविलेला व्हॉल्व्ह लवकर गेला, तर दोष व्हॉल्व्हचा की नेमणुकीचा? बदलीवर फिरलेल्या आमच्या वाचकांस हा प्रश्न अधिक उलगडून सांगावयास नको. एका जिल्ह्यात कर्तबगार ठरलेला अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात दोन वर्षांत खचतो, आणि त्याच्या गोपनीय अहवालात जिल्ह्याचे नाव राहत नाही, शेरा राहतो.

तेव्हा 'भरवशाचा' हे विशेषण वस्तूस एकटीला लावताच येत नाही. कोणत्या परिस्थितीत, किती काळ, कोणत्या कामासाठी, ही तीन शेपटे त्याला जोडावीच लागतात. या बाबतीत तीन उदाहरणे आमच्या मनात घोळत राहिली.

पहिले उदाहरण आमच्यासारख्याच एका सरकारी नोकराचे. टॉमी फ्लॉवर्स हा ब्रिटिश टपालखात्याच्या संशोधन केंद्रातील अभियंता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गुप्तसंदेश उलगडण्यासाठी त्याने सुमारे 1,600 व्हॉल्व्हचे यंत्र सुचविले, तेव्हा जाणत्यांनी शंका घेतली: व्हॉल्व्ह इतके नाजूक, की एवढ्यांतला कोणता ना कोणता सदैव बंदच पडलेला असणार. फ्लॉवर्सने टेलिफोनच्या कामात वेगळे पाहिले होते. व्हॉल्व्ह सतत चालू ठेवले आणि वारंवार बंद-चालू केले नाहीत, तर ते क्वचितच जातात. त्याचे 'कोलोसस' हे यंत्र 1944 च्या आरंभी ब्लेचली पार्क येथे कामास लागले आणि त्याचा शब्द खरा ठरला. युद्धानंतर ही हकीकत तीसएक वर्षे गुप्त राहिली, त्यामुळे योग्य वेळी शाबासकीही त्याच्या वाट्यास आली नाही. येथे व्हॉल्व्ह जुने नव्हते की विशेष उत्तमही नव्हते. भरवसा निर्माण झाला तो परिस्थितीच्या ज्ञानातून.

दुसरे उदाहरण अटलांटिक महासागराच्या तळाचे. 1956 साली स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान टेलिफोनची पहिली सागरी तार टाकली गेली. जाण्यायेण्यास दोन स्वतंत्र तारा, प्रत्येकीत 51 ठिकाणी आवाजास बळ देणारी यंत्रे आणि प्रत्येक यंत्रात तीन व्हॉल्व्ह, म्हणजे एकंदर 306. एक जरी गेला तरी तार समुद्रातून वर काढावी लागली असती. त्या अभियंत्यांनी त्या वेळचे अधिक बलवान, नव्या घडणीचे व्हॉल्व्ह न घेता मंद आणि जुन्या घडणीचे घेतले. 1978 साली ही तार निवृत्त झाली, तोवर बावीस वर्षांत त्यांतला एकही व्हॉल्व्ह निकामी झाला नाही. 'पाहा, जुने ते सोने!' असे कोणी म्हणेल. पण त्यांनी निवडले होते ते जुने वय नव्हे. त्या घडणीचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे जाळून, त्यांची टिपणे ठेवून, हातात पुरावा घेऊन त्यांनी निवड केली होती. जुन्याची घडण त्यांनी घेतली आणि व्हॉल्व्ह मात्र नव्याने, कमालीच्या काळजीने तयार केले. म्हणजे सोने जुनेपणात नव्हते, तपासणीत होते.

तिसरे आपल्या घरचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या अभियंत्यांनी उभारलेले 'टिफ्रॅक' हे गणकयंत्र 1960 साली सुरू झाले. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते. 1962 साली पंडित नेहरूंनी त्यास ते नाव दिले. त्या काळी या देशात असे यंत्र नवे, करणारे नवे आणि अनुभवही नवा. 'नव्याचे नऊ दिवस' या म्हणीवर भिस्त ठेवली असती, तर ते यंत्र उभेच राहिले नसते. आज ज्याला आपण जुने आणि सिद्ध म्हणतो, त्यावर एके काळी कोणीतरी नवे असताना विश्वास टाकलेला असतो. तसा विश्वास टाकणारे कोणी नसेल तर उद्याला जुने म्हणून दाखविण्यासारखे काही उरणार नाही. केवळ जुने म्हणून कोणतीही गोष्ट चांगली ठरत नाही, हा विचार कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या आरंभी सूत्रधाराच्या मुखी घातला. तोही त्या वेळी नवाच नाटककार होता आणि स्वतःसाठीच रदबदली करीत होता, हे विसरू नये.

येथवर आमचा विचार सरळ चालला. अडचण आली ती येथून पुढे. वस्तूचा भरवसा अनिश्चित असतो हे कळले, पण मग त्या तरुणास काय सांगावे? मनात एक सोयीचा युक्तिवाद उभा राहिला. आपण मुळी काही सांगूच नये. तो जाणता आहे, स्वतःहून तिप्पट किंमत देतो आहे, त्याची श्रद्धा त्याच्यापाशी. आपण खोटे बोललो नाही म्हणजे झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ तर एका विधवेची होती, म्हणजे ती झाकून ठेवण्यास पुण्याचाही आधार मिळत होता.

या युक्तिवादाचे बळ आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या तरुणाने विचारलेला प्रश्न व्हॉल्व्हविषयी नव्हताच. व्हॉल्व्हविषयी तो आमच्याहून अधिक जाणतो. "तुम्ही सांगा," असे तो म्हणाला. त्याला आमचा शब्द हवा होता. ज्याने आपला शब्द मागितला त्यापुढे गप्प बसणे म्हणजे न बोलता 'होय' म्हणणे. वस्तूची किंमत आणि आमच्या शब्दाची किंमत अशा दोन किमती तो एकत्र देत होता, आणि दुसरी आमच्यापाशी विकावयास नव्हती.

मारतहळ्ळीत राहिल्यापासून अशा न तपासलेल्या शब्दाची गंमत आम्ही रोज पाहतो. आपल्याकडून नवा आलेला कोणीही पाहुणा गावाचे नाव ऐकून छाती फुगवितो: "म्हणजे मराठ्यांचीच हळ्ळी की!" शहाजीराजांना 1638 च्या विजयानंतर बंगळूर जहागीर मिळाली, हे खरे. परंतु त्या सत्याच्या पुण्याईवर तो या नावाची सनद स्वतःच लिहून टाकतो. दुसरा कोणी तितक्याच ठामपणे सांगतो की, शेजारच्या विमानकारखान्यात तयार होऊन 1961 साली प्रथम उडालेल्या 'मारुत' विमानावरून हे नाव पडले. दोन्ही कथा गोड आहेत. कथा गोड आहे म्हणून खरी ठरत नाही. त्या विमानकारखान्याची मुहूर्तमेढ मात्र 1940 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी रोवली, हे कागदोपत्री आहे. अभिमानच बाळगावयाचा तर त्याचा बाळगावा.

तेव्हा आम्ही खोके घेऊन शहरात चिकपेटेच्या बाजूस गेलो. तेथे एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तीकाराजवळ व्हॉल्व्ह तपासण्याचे यंत्र अजून चालू स्थितीत आहे. त्याने ईएल 84 चा पहिला डबा उघडला, झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली आणि विचारले, "हे काय लिहिलंय, सार?" पेन्सिलीने मराठीत एक अक्षर होते, 'का', आणि पुढे तारीख. दुसऱ्या डबीत नुसतीच तारीख. बावीसपैकी नऊ डब्यांत ते अक्षर निघाले. घरी येऊन स्नेह्यांची वही चाळली, तेव्हा अर्थ लागला: 'का' म्हणजे काढलेली. हे नऊ व्हॉल्व्ह कोणत्या तरी रेडिओतून काढून, पुसून, डबीत जपून ठेवलेले होते. उरलेले तेरा कोरे होते. बाहेरून पाहता बावीसही सारखेच.

तपासणीचा निकाल असा लागला. कोऱ्या तेरांपैकी एकाचा माथा पांढरा झालेला होता, एकाची आतली जाळी टेकत होती आणि एक क्षीण निघाला, दहा चांगले. काढलेल्या नवांपैकी एक क्षीण, आठ चांगले. बावीस नळ्यांवरून सिद्धान्त काढावयाचा नसतो, आणि दुरुस्तीकारानेही बजाविले की त्याचे यंत्र कमी दाबाने पाच मिनिटे तपासते. तीन तास आदळआपट सोसणाऱ्या अँप्लिफायराची हमी ते देऊ शकत नाही. पण एवढे दिसले की, जे वापरलेले म्हणून लपवावेसे वाटले असते ते बालपणाच्या धोक्यातून पार पडलेले होते, आणि जे कोरे म्हणून मिरवावेसे वाटले असते त्यांत एक मृतदेह होता. आम्ही गप्प बसलो असतो, तर ग्राहकास उपयोगी पडणारी माहितीही त्या गप्पपणात गाडली गेली असती.

आम्ही वहिनींकडे गेलो. सारे सांगितले, आणि सांगताना आवाज किंचित चाचरला, कारण आकडा खाली येणार होता. त्यांनी वही हाती घेतली, चष्मा पुसून ते अक्षर जवळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, "त्यांनी लिहून ठेवलंय ना, भाऊजी? मग आपण झाकायचं कशाला? झाकायचं असतं तर त्यांनी लिहिलंच नसतं."

या उत्तराने आमच्या आठवड्याच्या विचारास जो शेवट सापडत नव्हता तो सापडला. आमचे स्नेही जी नोंद करीत होते ती विकण्यासाठी नव्हती. कोणी पाहणार आहे अशी अपेक्षाही तीत नव्हती. चाळीस वर्षांनी, मालक गेल्यावर, परक्या हातात डबी पडली तरी ती खरे सांगेल, एवढी व्यवस्था त्यांनी एका अक्षरात करून ठेवली होती. त्या खोक्यात खरोखर भरवशाचे असे काही असेल, तर ते पेन्सिलीचे अक्षर.

आक्षेप येईल की, अशा काटेकोरपणाने जग चालणार नाही. सगळे तपासून मगच शब्द द्यावयाचा, तर कोणी कोणाला प्रमाणपत्र देणार नाही, कोणती फाईल पुढे सरकणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. उद्या सूर्य उगवेल हेही आपण कालच्या भरवशावरच म्हणतो. पण आमच्या खात्यात यावर एक जुना तोडगा आहे. लेखापरीक्षक 'हिशेब बरोबर आहेत' असे कधी मोकळे लिहीत नाही. 'आम्हांस दाखविलेल्या कागदपत्रांवरून व दिलेल्या माहितीनुसार' असे तो लिहितो आणि मग खाली सही करतो. या शब्दांची पुष्कळ थट्टा होते. ते पळवाट म्हणूनही वापरले जातात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांचा मूळ हेतू उलट आहे. आपण काय पाहिले त्याची सीमा आखणे, आणि त्या सीमेच्या आतील प्रत्येक गोष्टीस स्वतःच्या सहीने बांधून घेणे. सीमा आखून सही न करणारा भित्रा, आणि सीमा न आखता सही ठोकणारा बेफिकीर. भरवशाचा माणूस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. व्हॉल्व्ह फुटला की त्याला जाब विचारता येत नाही. ज्याने सही केली त्याला विचारता येतो, आणि त्याने दार उघडले तर त्याचा शब्द खरा.

ठरल्या दिवशी तो तरुण आला. आम्ही त्याला वही दाखविली, चार निकामी व्हॉल्व्ह वेगळे काढून दाखविले, दुरुस्तीकाराचा इशाराही सांगितला आणि म्हणालो, "भरवशाचे आहेत की नाहीत, ते आम्ही सांगू शकत नाही. काय काय पाहिले तेवढे सांगतो, आणि महिन्याच्या आत एखादा गेला तर त्याचे पैसे परत देतो." तो थोडा वेळ गप्प राहिला. तिप्पट किंमत तेथेच मावळली. त्याने दुपटीने आठ व्हॉल्व्ह घेतले, चार कोरे आणि चार 'का'. बाकीचे त्याच्या मित्रांनी हळूहळू नेले. शस्त्रक्रियेस लागणारी रक्कम पुरी झाली नाही. उरलेली मुलाने घातली. वहिनींना आता वृत्तपत्र चष्म्याने वाचता येते.

परवा तो जिन्यात भेटला. आम्ही विचारण्याआधीच म्हणाला, "काका, चालू आहेत. आधी 'का'वालेच लावले." मग खिशातून एक छोटी वही काढून दाखविली. तीत प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक, बसविल्याची तारीख आणि किती तास वाजला त्याची नोंद होती. खाली त्याने नुकत्याच आणलेल्या चार नव्या व्हॉल्व्हसाठी रकाने आखून ठेवले होते. ते अद्याप कोरे होते.